माणूस वाईट की वेळ वाईट?



काउंटरवर रांग वाढली आणि कारकुनाचा आवाज चढला, की बाहेरचा माणूस म्हणतो, 'हे लोक उर्मटच!' आतल्या दोन रिकाम्या खुर्च्या त्याला दिसत नाहीत. आपल्याला याचा राग येतो, आणि तो रास्तच आहे. पण पाळी बदलायला येणारा सहकारी अर्धा तास उशिरा आला, तर 'कामचुकार आहे' हा निकाल आपणही तितक्याच झटपट देतो. दुसऱ्याच्या वागण्यात स्वभावाचा वाटा जास्त धरायचा आणि परिस्थितीचा कमी, या खोडीला ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली 'मूलभूत आरोपण-दोष' असे नाव दिले.

त्याआधी, १९७३ साली, डार्ली आणि बॅटसन यांनी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एकेक करून भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्या मदतीला थांबले; 'उशीर झालाय, पळा' असे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधील गोष्ट! त्यानेही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माणसे तशीच होती. फरक घड्याळाने पाडला.

म्हणून कुणाचीच जबाबदारी नसते, असे नाही. घाईतही दहातला एक थांबलाच. हयगय करणाऱ्याला पाठीशी घालणे हे युनियनचे काम नव्हे. पण निकालाआधी चौकशी हवी. सहकाऱ्यावर आरोपपत्र आले, की आपण विचारतो: सलग किती रात्रपाळ्या झाल्या होत्या? किती जणांचे काम एकटा करत होता? हेच प्रश्न कॅन्टीनमध्ये कुणाला नावे ठेवण्याआधीही विचारा. ट्रॅकवरच्या कामगाराला, ग्रामीण डाक सेवकाला, कंत्राटी सफाई कामगारालाही हाच न्याय लावा.

शेवटी एवढेच सांगतो. ड्युटीचे तास कमी करा, रिकाम्या जागा भरा, ही मागणी केवळ विश्रांतीची नाही. माणसाला माणसासारखे वागायला सवड मिळावी, याचीही ती मागणी आहे.