चाल

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मघाशी तिघे बोलून गेले. मी बसल्या बसल्या मोजत होतो. 'ही सरकारची चाल आहे' हे वाक्य सात वेळा आले आणि सातही वेळा टाळ्या पडल्या. मला आज त्या एका शब्दाविषयीच बोलायचे आहे.

चाल हा शब्द आपल्या घरचा. बैल घ्यायला बाजारात गेलो की दात पाहतो, खूर पाहतो आणि शेवटी म्हणतो, जरा चालवून दाखव. चाल पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही. पेरणीला चाड्यावर मूठ धरणारी बाई बैलांच्या चालीवर दाणे सोडते. जोडी अडखळली की एके जागी ज्वारी दाट, पुढे नांग्या. भजनात बुवा विचारतात, अभंगाची चाल कोणती? सैन्य चाल करून जाते, तीही चालच. आणि चालढकल तर आपली खासच. (हशा)

मग कपटाची चाल कोणती? बुद्धिबळाच्या पटाकडे पाहा. घोडा अडीच घरे जातो, ते दोघांनाही ठाऊक असते. चाल उघड्यावर होते, दोघांच्या डोळ्यांदेखत. हरतो तो फक्त आपल्याच प्याद्याकडे पाहत बसलेला.

जुन्या लोकांनी हत्ता पाहिला आहे. रुमालाखाली दलाल आणि व्यापारी एकमेकांची बोटे दाबत आणि मालाचा धनी शेजारी उभा राहून रुमाल पाहत असे. ती चाल नव्हे, ती लबाडी. बाजार समितीत उघड लिलाव आला तो त्यासाठीच. तिथेही वांधे आहेत, पण निदान बोली कानावर पडते.

आता कापसाचे पाहू. २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर आयातशुल्क बसले, सगळे मिळून ११ टक्के. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत. ऑगस्ट संपायच्या आत मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस घरात केव्हा येतो? दसऱ्यापासून. म्हणजे पहिल्या वेचणीपासून ऐन आवकेपर्यंत दार उघडे. त्याआधी ५ मार्च २०१२ ला निर्यात एका आदेशाने बंद केली होती. ओरड झाली तेव्हा आठवडाभरात काही अंशी माघार घ्यावी लागली.

यात रुमालाखाली काय झाले? काहीच नाही. आदेश छापून निघाले. शुल्क काढा, असे कापड गिरणीवाले वर्षानुवर्षे उघड मागत होते. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला तेव्हा त्यांना बळ आले. ते आपल्या धंद्याचे पाहतात, त्यांना दोष कसला द्यायचा? दोष सरकारचा आहे. गिरणीचा तोटा त्याला दिसतो आणि तो भरून काढायला शेतकऱ्याचा भाव हाताशी असतो. पण आपलेही चुकते. ते आदेश निघण्याआधी मागणी करतात, आपण आदेश निघाल्यावर निषेध करतो. 'चाल आहे' म्हटले की वाचायची जबाबदारी संपली, असे आपण धरून चालतो.

आणि ही चाल दरवेळी लागू का पडते? पाळी आपली आली की आपल्याला थांबता येत नाही म्हणून. कृषी केंद्राची उधारी आहे, वेचणाऱ्या बायांची मजुरी आठवड्याच्या बाजाराला चुकती करायची आहे, दिवाळी तोंडावर आहे. हमीभाव जाहीर असतो, पण खरेदी केंद्र उघडून नंबर लागेपर्यंत घर चालवायचे कशावर? मग खेडा खरेदीवाला अंगणात येतो, ओलावा दाखवतो आणि सांगेल तो भाव. माझ्या घरचा कापूस असाच गेला आहे, म्हणून मला कोणाला शहाणपण शिकवायचे नाही.

एक काम सांगतो आणि बसतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने काट्याच्या पावत्या आणाव्यात. ज्याच्या अंगणात माप झाले त्याने वहीत तारीख, वजन आणि भाव लिहून आणावा, पावती नसली तरी चालेल. दर तालुक्यातून एका शिकलेल्या पोराने वर्षभरातले आयात-निर्यातीचे आदेश तारीखवार उतरवून आणावेत. दोन्ही याद्या याच भिंतीवर शेजारी शेजारी लावू. बायांनी मजुरीच्या तारखाही आणाव्यात, त्या याद्यांत नेहमी राहून जातात.