कंपनांचे गणित आणि मानेसरची चाचणीशाळा

(नवी दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या माणसाने यंत्रांच्या कंपनांवर बोलावे, हे आपल्याला काहीसे विचित्र वाटेल. परंतु दिल्लीभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे फरिदाबाद, मानेसर, नोएडा या भागांत लघुउद्योगांचा अभ्यास करताना मला एक गोष्ट वारंवार जाणवली. कारखान्याच्या हिशेबात कंपनाचा स्वतंत्र रकाना नसतो. हा खर्च परत आलेल्या मालात आणि विनाकारण वाढवलेल्या वजनात लपलेला असतो.

फरिदाबादमधील एक छोटे कारखानदार इंजिनाजवळ बसणारे पोलादी ब्रॅकेट तयार करीत. काही महिन्यांच्या वापरानंतर त्याला तडा जाई. त्यांनी पत्रा जाड केला, तडा पुन्हा गेला. आणखी जाड केला, तेव्हा तडा जागा बदलून शेजारच्या वेल्डिंगपाशी गेला. दोष मालाचा असावा असे समजून त्यांनी पुरवठादारही बदलला. पोलाद मात्र निर्दोष होते.

प्रत्येक वस्तूची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारिता असते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. चार सिलिंडरांचे चारस्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा ज्वलन होते. म्हणजे जवळच्या भागांना सेकंदाला १०० धक्के बसतात. ब्रॅकेटची नैसर्गिक वारंवारिता याच आकड्याच्या आसपास असेल, तर अनुनाद होऊन आंदोलने अनेक पटींनी वाढतात आणि धातू थकून तडकतो.

मग पत्रा जाड करण्यात चूक कोणती? सपाट पत्र्याची जाडी दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, पण वस्तुमानही दुप्पट होते. नैसर्गिक वारंवारिता या दोहोंच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याने ती केवळ दुप्पट होते. धातूचा खर्च मात्र दुप्पट झाला, आणि ते वजन वाहनाला आयुष्यभर वाहावे लागते. योग्य जागी दाबून काढलेली एक उभी धार, जिला कारागीर 'रिब' म्हणतात, तेच काम थोड्या धातूत करू शकते. योग्य जागा कोणती, हे सांगण्यासाठीच सांत घटक विश्लेषण, म्हणजेच फायनाइट एलिमेंट अॅनालिसिस, वापरतात.

या पद्धतीची बीजे १९४३ मधील गणितज्ञ कुरांट यांच्या लेखनात सापडतात. विमानांच्या सांगाड्यांसाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये ती मांडली, आणि तिचे आजचे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. कोणतीही वस्तू अनंत प्रकारे वाकू शकते. तेवढे हिशेब कोणालाच शक्य नाहीत. म्हणून तिचे छोटे, मोजता येण्याजोगे घटक पाडायचे, प्रत्येकाची ताठरता व वस्तुमान काढायचे, ते सारे जोडून एक मोठे समीकरण मांडायचे आणि त्यातून वस्तूच्या नैसर्गिक वारंवारिता मिळवायच्या. नावातील 'सांत' या शब्दाचा अर्थ एवढाच.

येथपर्यंत संगणक चोख काम करतो. वस्तूचा आकार, धातूचे गुणधर्म आणि ती कोठे कशी घट्ट बसवली आहे हे बरोबर सांगितले, तर वारंवारितेचे उत्तर बरेचसे विश्वसनीय येते. अडचण पुढे आहे. अनुनादाच्या वेळी आंदोलन किती मोठे होईल, हे अवमंदनावर ठरते. क्रांतिक अवमंदनाच्या २ टक्के अवमंदन असेल तर स्थिर भाराच्या तुलनेत विस्थापन सुमारे २५ पट होते. १ टक्का असेल तर ५० पट. हे अवमंदन बोल्टच्या सांध्यांत, रबराच्या गादीत, वेल्डिंगमध्ये दडलेले असते. ते आराखड्यावरून काढता येत नाही, मोजावेच लागते. फरिदाबादच्या त्या ब्रॅकेटच्या हिशेबातही आधी गृहीत धरलेले अवमंदन प्रत्यक्षाहून जास्त निघाले होते. अखेरीस पत्रा मूळ जाडीवर आला आणि रिब राहिली.

आता माझ्या विषयाकडे येतो. गणित करणारी सॉफ्टवेअर आज विनामूल्यही मिळतात. कंपन-मेज, संवेदक आणि ध्वनिरोधक कक्ष तसे मिळत नाहीत. हे भांडवल तुकड्यातुकड्यांनी उभारता येत नाही. मोठी कंपनी स्वतःची प्रयोगशाळा बांधते. पन्नास कामगारांच्या कारखान्याला ते अशक्य असते. येथे सार्वजनिक गुंतवणुकीचे समर्थन होते. जुलै २००५ मध्ये मंजूर झालेला राष्ट्रीय वाहन चाचणी व संशोधन-विकास पायाभूत सुविधा प्रकल्प, अर्थात 'नॅट्रिप', याच विचाराचा होता. मानेसरचे आयकॅट हे केंद्र त्याचाच भाग आहे. १९६६ पासून कार्यरत असलेली पुण्याची एआरएआय आणि अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) व्हीआरडीई यांच्या सुविधांचा विस्तारही याच प्रकल्पात होता. मूळ मंजूर खर्च १,७१८ कोटी रुपये. २०१६ मध्ये तो ३,७२७ कोटींवर गेला. वाढीव खर्चाची चर्चा पुष्कळ झाली. विलंबाच्या काळात लहान उत्पादक चाचणीविना काय करीत होते, याची फारशी झाली नाही, आणि मला तोच अधिक मोठा तोटा वाटतो.

परीक्षेच्या दृष्टीने एक भेद ध्यानात ठेवा. चाचणीशाळा ही काटेकोर अर्थाने सार्वजनिक वस्तू नव्हे. तिथे शुल्क आहे, रांग आहे; एकाचा नमुना मेजावर असताना दुसऱ्याचा बसत नाही. मात्र चाचणीतून निघालेली माहिती, उदाहरणार्थ अमुक प्रकारच्या सांध्याचे अवमंदन, ही खरीखुरी सार्वजनिक वस्तू ठरू शकते. एकाने वापरली म्हणून ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या केंद्रांनी ग्राहकाचे नाव व आराखडा गुप्त ठेवून अशी मोजमापे प्रसिद्ध करावीत, असे माझे मत आहे. यावर उद्योगांचा आक्षेप येईल हे मला ठाऊक आहे. स्पर्धकाला आयते ज्ञान का द्यावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याला शुल्कातील सवलत हे एक उत्तर असू शकते.

विजेच्या वाहनांमुळे हा प्रश्न संपलेला नाही. इंजिनाचे धक्के गेले, रस्त्याचे राहिले. विजेच्या दुचाकींना आगी लागल्याच्या घटनांनंतर २०२२ मध्ये एआयएस-१५६ या मानकाचे नियम कडक करण्यात आले. त्या मानकात बॅटरीची कंपन चाचणीही आहे. बॅटरीच्या पेटीत शेकडो छोटे घट, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या आणि शेकडो वेल्ड असतात. त्यांतील प्रत्येक सांध्याचे अवमंदन आज जो तो उत्पादक आपल्यापुरते मोजतो किंवा अंदाजाने धरतो.