जाऊबाईंचा प्रश्न
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



२०२१ चा उन्हाळा आपल्यापैकी कोणीच विसरलेली नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई त्याच वैशाखात गेल्या. आजारी पडण्याच्या आधी त्यांनी मला विचारले होते, "एकदा होऊन गेलेला करोना पुन्हा कसा गं होतो?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करते.

रोग आला की आपले शरीर प्रतिपिंडे तयार करते. कुलपात किल्ली बसावी तसे प्रतिपिंड विषाणूवरच्या ठराविक जागी बसते व त्याला अडवते. परंतु विषाणू वाढताना स्वतःच्या नकला करतो. वही उतरवून घेताना आपल्या हातून एखादे अक्षर चुकते, तशा त्यातही चुका होतात. अशा चुकांनी कुलूप बदलले, की जुनी किल्ली लागत नाही.

औषधांचेही तसेच झाले. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने दोन प्रतिपिंडांच्या एका औषधाला परवानगी दिली. विषाणू रूपे पालटत गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये ती परवानगी थांबवावी लागली.

तेथील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने निराळी वाट धरली. त्या दोहोंपैकी एका प्रतिपिंडाचे मूळ रूप घेऊन, कोणते कण बदलले असता ते ओमिक्रॉनवर बसेल, हे संगणकाला शोधावयास लावले. शक्य रचना एकावर सतरा शून्यांहून अधिक! संगणकाने त्यांतून निवडलेल्या अवघ्या ३७६ रचना प्रत्यक्ष तपासावयास घेतल्या. घासून नीट केलेली किल्ली प्रयोगशाळेत पुन्हा लागू पडली. हे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात प्रयोगशाळेत जमलेले सारेच दवाखान्यापर्यंत पोचते असे नाही. माणसांवरील कसोटी संगणकाला टाळता येत नाही.

मग यात आपले काम कोणते? भगिनींनो, कुलूप बदलल्याची वार्ता संगणकाला आपणहून कळत नाही. ती रुग्णांच्या नमुन्यांतून कळते. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेली विषाणू संस्था हेच काम करीत आली आहे. २०२० साली आपल्या देशातील रुग्णांच्या नमुन्यांतून करोनाचा विषाणू तिनेच वेगळा काढला.

तेव्हा घरात ताप आला तर तो लपवू नका. आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नमुना मागितला, तर भीड न बाळगता द्या. कोणा परक्या घरच्या जाऊबाई त्यामुळे वाचतील.