ताप उतरल्यावरचे दोन दिवस

(धूलकोट येथे गणेशोत्सवात आरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मंडळींनो, प्रसाद वाटून होईपर्यंतच बोलू, असं कार्यकर्त्यांना कबूल केलंय.

डेंगू म्हटलं की घरोघरी पहिला प्रश्न असतो, "प्लेटलेट किती?" आम्ही आधी विचारतो, ताप कोणत्या दिवशी आला आणि पोराला शेवटची लघवी कधी झाली?

डेंगूचा ताप एकदम चढतो. डोकं, अंग, डोळ्यांच्या मागे दुखतं. लहानग्याला हे सांगता येत नाही, ते नुसतं किरकिरतं. मग तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. आजी देवापुढे साखर ठेवते, आणि खरी काळजी तिथूनच सुरू होते. पुढच्या 24 ते 48 तासांत काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याचा अंश झिरपतो, रक्त दाट होतं, रक्तदाब घसरतो.

आपल्याच मंडळातल्या एका मुलाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. नाटकाच्या तालमीला आला. संध्याकाळी पोट दुखायला लागलं. मोदक जास्त झाले असतील, असं आम्हीही म्हणालो. हात गार लागले तेव्हा त्याच्या आईनेच हट्ट धरला आणि रात्रीच गाडी काढायला लावली. पोरगा वाचला, पण श्रेय आमचं नाही.

तेव्हा पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, गुंगी किंवा विलक्षण चिडचिड, किंवा चार-सहा तास लघवी नाही, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. गाडी कुणाची, हे आजच ठरवून ठेवा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी घोट-घोट देत राहा. पपईच्या पानांवरून आमच्याशी भांडणारे इथे बसलेत. रस पाजायच्या नादात दवाखान्याला उशीर करू नका, एवढंच म्हणणं. एनएस-1 तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, पण ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवत नाहीत.

आता डासाचं. हा दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. 2022 मध्ये आपला बुऱ्हाणपूर जिल्हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. नळ आले, पण ड्रम भरून ठेवायची सवय गेली नाही. झाकण नसलेल्या ड्रमात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एकदा काथ्याने घासाच.

मांडवामागे उन्हाळ्यातला कूलर तसाच पडलाय. मघाशी पाहिलं, तळाच्या पाण्यात अळ्या वळवळताहेत. प्रसाद झाला की दोघं-तिघं या, उलटा करू.