कर्जाचं कारण

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं हे बोलणं. ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी अध्यक्षताईंच्या सांगण्यावरून इथे देत आहे.)



दर महिन्याला मी तुमच्यासमोर उभी राहते ती वसुलीचा नाहीतर बँक जोडणीचा विषय घेऊन. आज तसलं काही नाही. माझी आई जाऊन परवा वर्ष झालं. तिच्याबद्दल बोलू का, असं मी अध्यक्षताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बोल की. आई सगळ्यांचीच असते."

माझी आई तुमच्यासारखीच गटातली बाई. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या गटात ती १३ वर्षं होती. सुरुवातीला महिन्याला ५० रुपये बचत, नंतर १००. बैठकीला कधी गैरहजर नाही, हप्ता कधी चुकला नाही. सही करायला ती गटात आल्यावरच शिकली. पहिल्यांदा सही केली त्या दिवशी घरी येऊन चुलीपुढच्या राखेत पुन्हा पुन्हा काढून बघत होती.

ती गेल्यावर हिशोब पूर्ण करायला म्हणून मी गटाचं कर्ज रजिस्टर बघायला बसले. तुम्हाला माहीत आहे, त्यात एक रकाना असतो, 'कर्जाचं कारण'. पहिलं कर्ज १,५०० रुपये, कारण : मुलाच्या वह्या-पुस्तकं. दुसरं, शेळी. मग आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग बोअरची मोटार जळाली तेव्हाचं. मग बी-बियाणं. मग मुलीची कॉलेजची फी. ती मुलगी म्हणजे मी. त्याच पैशावर मी समाजकार्याची पदवी घेतली आणि आज तुमच्यापुढे उभी आहे.

बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. कुठेही तिचं स्वतःचं नाव नाही.

आता तिच्या आजाराचं सांगते. आई पाण्याची घागर नेहमी डाव्या कमरेवर घ्यायची. एका सुट्टीत घरी गेले तर घागर उजवीकडे. मी विचारलं, तर म्हणाली, "हात अवघडलाय जरा. मला काय धाड भरलीय?" चार दिवसांनी न्हाऊन येताना मी पाठ चोळायला गेले, तेव्हा तिनं पदर घट्ट धरला. मग मला संशय आला. डाव्या स्तनात गाठ होती, सुपारीपेक्षा मोठी. काखेतही एक हाताला लागत होती.

गाठ कळून किती दिवस झाले होते माहीत आहे? दीड वर्ष! आधी म्हणाली असेल, सोयाबीन निघू दे. मग दिवाळी होऊ दे. मग पोरीची परीक्षा होऊ दे. त्यात गाठ दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात पैसे कशाला घालायचे, हा तिचा हिशोब.

आणि माझी चूकही सांगते, कारण ती लपवून बाकीचं बोलण्यात अर्थ नाही. त्याच दीड वर्षात मी कॉलेजच्या शिबिरात दुसऱ्या गावातल्या बायकांना स्त्रियांच्या आरोग्यावर माहिती देत फिरत होते. हातात पोस्टर, तोंडात घोषणा. घरी फोन केला की आई विचारायची, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो." तिला कसं वाटतंय, हे मी एकदाही विचारलं नाही. बाबांनी तिला कधी अडवलं नाही, पण विचारलंही नाही.

ऑपरेशन झालं, मग केमो, मग शेक. केस गेले तेव्हा तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. काखेतल्या गाठी काढल्यावर तो हात सुजायचा, म्हणून त्या हातातल्या बांगड्या उतरवाव्या लागल्या. गावात एक-दोघी त्यावरूनही बोलल्या. त्याचं तिला ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं.

उपचाराच्या सुरुवातीला तिनं गटातून १०,००० रुपये उचलले. उपचार योजनेत बसले होते, पण जाणं-येणं, राहणं, जेवण, बुडालेली मजुरी यालाही पैसा लागतोच. रजिस्टरात कारण काय लिहिलंय? 'घरखर्च'. कॅन्सर हा शब्द लिहायची तिला लाज वाटली.

पुढच्या वर्षी दुसरं कर्ज घेतलं, तेव्हा भर बैठकीत म्हणाली, "लिही गं. माझ्या दवाखान्यासाठी." आणि मग गाठ कुठे होती, किती दिवस लपवली, सगळं सांगितलं. बैठक संपल्यावर एक मावशी मागे थांबल्या. त्यांनाही गाठ होती. आई स्वतः त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. त्यांची गाठ साधी निघाली. आई घरी येऊन इतकी हसली, जणू तिचाच रिपोर्ट चांगला आला होता.

आईचा आजार मात्र तिसऱ्या वर्षी हाडात उतरला. शेवटचे आठ महिने ती अंथरुणावर होती. त्या काळात गटातल्या बायकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. पाळी लावून एकेकीनं संध्याकाळची भाकरी आणली. तिची १०० रुपये बचत कोण भरत होतं, हे मला आजही कुणी सांगत नाही. एक बैठक तर त्यांनी आमच्या ओसरीवर घेतली. आई पडल्या पडल्या म्हणाली, "कोरम पूर्ण आहे ना?"

माती झाल्यावर सगळे म्हणत होते, "किती केलं बाईनं! कधी स्वतःकडं बघितलं नाही." चांगल्या मनानंच म्हणत होते. पण मला ते ऐकवेना. आईनं आमच्यासाठी केलं त्याचं मोल आहेच, मी ते जन्मभर फेडू शकणार नाही. पण स्वतःकडं बघितलं नाही, हे तिचं मोठेपण नव्हतं. त्यानंच आमची आई लवकर गेली. म्हणून मी तिला त्यागमूर्ती म्हणणार नाही. मला ती अजून वीस वर्षं हवी होती.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

महिन्यातून एकदा स्वतःचे स्तन आणि काख हातानं तपासा. पाळी आल्यावर साधारण आठवड्यानं. पाळी बंद झाली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवा, बैठकीचीच धरा. गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंडातून पाणी किंवा रक्त आलं, तर दुखायची वाट बघू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तरी लगेच जा.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकीसाठी बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात मोफत आहे. कुठे आणि कोणत्या दिवशी, हे आशाताईंना विचारा.

मोठा आजार निघालाच तर घाबरून शेत-सोनं विकायला धावू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

आणि आजार बरा होण्यापलीकडे गेला तरी वेदना सोसायलाच पाहिजे असं नाही. त्यावर औषध असतं, डॉक्टरांकडे ते मागायचं.

शेवटचं. पुढच्या बैठकीत गटाचं कर्ज रजिस्टर उघडा. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून खाली या. तुमचं स्वतःचं नाव, तुमच्या दवाखान्यासाठी, तुमच्या चष्म्यासाठी, कुठे दिसतं का बघा. दिसलं नाही, तर शेजारी बसलेल्या बाईला विचारा, "तुला कसं वाटतंय गं?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.

मी माझ्या आईला विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.