आधी शेवटची गाडी विचारा

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, वाल टोकून झाले, की पौष-माघात आपल्याकडच्या बायांना जरा उसंत मिळते. त्या उसंतीतला एक दिवस गटाने मिळून सायकलवर काढायचा, तर तो कसा काढायचा, यावर आज बोलू या. शाळेत असताना सायकल चालवलेल्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत. लग्न झालं, सायकल सुटली. घरात सायकल आहे, पण ती लेकीची किंवा लेकाची. आपण फक्त ती पुसतो.

जायचं कुठं? माझ्या मते पहिल्या खेपेला महाडहून पाचाडच्या वाटेला जावं. महाड ते रायगडाचा पायथा सुमारे २५ किलोमीटर. नाते, कोंझर, पाचाड अशी गावं लागतात. कोंझरपर्यंत गांधारीच्या खोऱ्यातला रस्ता, लहानसहान चढउतार सोडले तर सवयीच्या पायाला जड नाही. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कापलेली शेतं, आणि रायगडाचा डोंगर हळूहळू जवळ येत जातो. कोंझरच्या पुढे मात्र घाटाचा चढ सुरू होतो. तिथं सायकल रेटायची नाही. पोलादपूर-महाड हा हमरस्ताही सायकलसाठी नको. गोव्याकडचे ट्रक आणि कंटेनर त्या रस्त्याने धावतात. पोलादपूरच्या बायांनी महाडपर्यंत एसटीनेच यावं.

आता मुद्द्याची गोष्ट. सहलीचा बेत आपण सकाळपासून आखायला बसतो. किती वाजता निघायचं, डब्यात काय न्यायचं. मी म्हणते, उलटीकडून सुरुवात करा. तुमच्या गावाला वस्तीला येणारी एसटी पोलादपूर स्थानकातून किती वाजता सुटते, ते आधी विचारा. समजा ती संध्याकाळी सहाला सुटते. मग साडेपाचला पोलादपूर स्थानकात पोहोचायला हवं. त्यासाठी साडेचारला महाड सोडायचं. म्हणजे चारला सायकली महाडात परत हव्यात. सवय नसलेल्या बाईला थांबत-थांबत तासाला आठ-नऊ किलोमीटर होतात. म्हणून कोंझर दोनला सोडायचं आणि पाचाड एकला. असं मागे मागे येत गेलं की सकाळी महाडातून आठला निघायला हवं, हे आपोआप कळतं. रात्री वस्तीला आलेली गाडी पहाटे पहिली फेरी घेऊन निघते, तिनेच यायचं. हे हिशोब कागदावर मांडा आणि घरी दाखवा. ‘बघू, येऊ संध्याकाळपर्यंत’ असं म्हणणाऱ्या बाईला घरचे दहा प्रश्न विचारतात. ‘साडेसातला दारात असेन’ म्हणणारीला कमी विचारतात. आणि एकदा गाडी चुकली, की पुढच्या वेळी गटाचं नावही घरात काढता येत नाही, हे तुम्हाला मी कशाला सांगू?

वार कोणता धरायचा, यात एक मेख आहे. रविवारी मुलांच्या सायकली घरी असतात, त्यामुळे आपल्याला मिळतात. पण शाळेच्या वेळेला सुटणाऱ्या काही फेऱ्या रविवारी नसतात. शिवाय रायगडाला जाणाऱ्या मोटारींची गर्दीही रविवारचीच. तरी मी रविवारच म्हणेन, कारण सायकल नसेल तर बाकी सगळंच राहिलं, आणि त्या दिवशी लेकीही बरोबर येतात. फक्त चौकशी खिडकीवर ‘गाड्या किती वाजता’ असं मोघम विचारू नका. ‘रविवारच्या रायगडाच्या गाड्या कोणत्या, परतीची कोणती’ असं विचारा आणि लिहून घ्या. ६ जूनच्या आसपास तिथं राज्याभिषेकाची गर्दी असते, आणि पावसाळ्यात तर या वाटेचं नावच नको. २०१६ चा सावित्रीचा पूल आणि २०२१ चं तळीये आपल्यापैकी कोण विसरलंय?

सायकल एसटीत घालून नेता येईल का? पूर्वी लाल डब्याच्या टपावर पाट्या, कोंबड्यांच्या डालग्या, सायकली सगळं जायचं. आता कितीतरी गाड्यांना टपावर जायची शिडीच नसते. त्या भरवशावर राहू नका. सायकली महाडातल्या आणि जवळपासच्या मैत्रिणींनी द्यायच्या. दहा सायकली असल्या तरी वीस जणींचं भागतं. सकाळी दहा जणी सायकलवर कोंझरला जातील आणि दहा एसटीने. परतताना अदलाबदल करायची. कोंझरला कुणाच्या तरी अंगणात सायकली कुलूप लावून ठेवायच्या. हे मात्र आधी गावात जाऊन ठरवायचं, ऐन वेळी अनोळखी दारात उभं राहायचं नाही. तिथून वर पाचाडला सगळ्यांनी मिळून एसटीने किंवा मिनीडोअरने जायचं.

या पद्धतीत सासूबाईंनाही नेता येतं. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षं पुरी झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. त्यांचं आधार कार्ड बरोबर घ्या, नाहीतर वाहकाशी वाद घालण्यात नातं गाव निघून जातं.

पाचाडला जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे. गडावरची थंडी आणि वारा त्यांना सोसेना, म्हणून खाली हा वाडा बांधला. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला, आणि १७ जूनला त्या गेल्या. समाधीपाशी शांत बसता येतं. तेवढ्यासाठीच ही वाट मी सुचवली. गड त्या दिवशी चढायचा नाही. रोपवेचा मोह होईल, पण रविवारची रांग आपला सगळा हिशोब खाऊन टाकेल. जेवणाला पिठलं-भाकरी तिथल्याच एखाद्या बचत गटाला दोन दिवस आधी सांगून ठेवा. आपले पैसे आपल्यासारख्याच बायांकडे जातील.

वर गडाकडे बघताना हिरकणीची गोष्ट निघेलच. दूध घालायला गेली, सांजेला दरवाजे बंद झाले, आणि तान्ह्या लेकरासाठी ती कडा उतरली, असं सांगतात. आपल्या एसटीने निमआराम गाडीला तिचंच नाव दिलंय, स्थानकांवर लेकुरवाळ्यांसाठी हिरकणी कक्षही असतात. अंगावर पाजणारी कोणी बरोबर असेल तर महाडला त्याची चौकशी करा. मला नेहमी वाटतं, तिच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात, पण दरवाजा कधी बंद होतो हे तिला आधी कुणी सांगितलं असतं, तर बिचारीला कडा उतरावा लागला नसता.

तामिळनाडूत पुदुकोट्टई म्हणून जिल्हा आहे. तिथं १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांत साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीतल्या कामकरणी, आरोग्यसेविका, सगळ्या. सुरुवातीला लोक हसले, टोमणे मारले. पण पाणी आणणं, बाजार, पोरांना पोचवणं सायकलवर होऊ लागलं आणि बसची वाट बघणं कमी झालं. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाहीये, एक रविवार काढायचा आहे.

तयारी आठवडाभर आधीपासून करा. रोज संध्याकाळी शाळेच्या पटांगणात दोन फेऱ्या मारा. साडीच्या निऱ्या चेनमध्ये अडकतात, तेव्हा पंजाबी ड्रेस बरा, ओढणी कमरेला बांधून. साडीच नेसायची तर चेनकव्हर असलेली लेडीज सायकल घ्या. दोन्ही ब्रेक आणि हवा आदल्या दिवशी दुकानात दाखवा. एक हवेचा पंप आणि पंक्चर काढता येणारी एक लेक बरोबर असू द्या. सगळ्यात पुढे सर्वांत हळू चालवणारी, आणि सगळ्यात मागे सर्वांत तयार बाई. सकाळी चवदार तळ्यापाशी जमलात की पहिल्यांदा डोकी मोजा, कोंझरला परत मोजा. आणि वस्तीच्या गाडीच्या वाहकाला पहाटेच सांगून ठेवा, संध्याकाळी आम्ही इतक्या जणी आहोत.