गुणवत्तेचे मोजमाप आणि न्याय

(विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



चेन्नईच्या एग्मोर भागातील प्रसूती व स्त्रीरोग संस्था आणि बालआरोग्य संस्था ही दोन मोठी शासकीय रुग्णालये मद्रास मेडिकल कॉलेजशी संलग्न आहेत. तेथे रुग्णसेवेचे धडे घेणारे विद्यार्थी कोणत्या कसोटीवर निवडावेत, या प्रश्नाला तामिळनाडूत गेल्या चार दशकांत तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली.

१९८४ पासून बारावीच्या गुणांना सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांची जोड दिली जात असे. डॉ. एम. आनंदकृष्णन समितीच्या शिफारशीनंतर २००६ च्या कायद्याने ही प्रवेश परीक्षा रद्द झाली आणि २००७ पासून प्रवेश केवळ बारावीच्या गुणांवर होऊ लागले. महागडे शिकवणी वर्ग ग्रामीण व गरीब विद्यार्थ्यांना परवडत नाहीत, हा त्यामागील मुख्य युक्तिवाद होता. २०१७ पासून मात्र 'नीट' ही राष्ट्रीय परीक्षा तेथेही लागू झाली.

या वादात तीन प्रकारच्या गुणांमधील फरक ध्यानात घ्यावा लागतो. शिक्षकाने दिलेले गुण, मंडळाच्या परीक्षेतील गुण आणि प्रवेश परीक्षेतील गुण. शिक्षक विद्यार्थ्याला वर्षभर पाहतो. एका दिवसाच्या आजारपणाने त्याचे मत बदलत नाही. परंतु प्रत्येक शाळेची फूटपट्टी वेगळी असते. सामाईक परीक्षेत परीक्षकाला चेहरा, आडनाव वा शाळा दिसत नाही, हे तिचे बलस्थान. मात्र परीक्षेपूर्वीची विषमता तिला पुसता येत नाही.

शिक्षकांच्या हातातील गुणांचे वजन किती असते, हे महाराष्ट्राच्या दहावीच्या निकालांवरून कळते. २०१८ मध्ये निकाल ८९.४१ टक्के होता. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे गुण बंद झाल्यावर २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. नव्या अभ्यासक्रमाचाही त्यात वाटा होता. अंतर्गत गुण पूर्ववत होताच २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २० गुण देऊन तयार झालेला निकाल ९९.९५ टक्के लागला. जवळजवळ सर्वच उत्तीर्ण झाल्यावर अकरावीची निवड कशी करणार? शासनाने सामाईक परीक्षा योजली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारित असल्याने इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, असा आक्षेप घेतला गेला. १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे सर्वांना समान संधी मिळाली, असे होत नाही.

मग उपाय कोणता? तामिळनाडूच्या २००६ च्या कायद्यात वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांचे समानीकरण करण्याची तरतूद होती. प्रत्येक विषयात इतर मंडळांचे सर्वोच्च गुण राज्य मंडळाच्या सर्वोच्च गुणांशी समान मानले जात. हा फूटपट्टीतील दोषावरचा उपाय होता. तयारीतील विषमतेवर २०२० मध्ये वेगळा उपाय झाला. 'नीट' उत्तीर्ण झालेल्या शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. 'नीट'मधून सूट मागणारे राज्याचे विधेयक मात्र मंजूर झाले नाही. राष्ट्रपतींनी त्याला संमती नाकारल्याचे २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर करण्यात आले.

सारांश, न्याय परीक्षेच्या नावात नसतो. शिक्षकाच्या गुणांना पडताळणी हवी आणि सामाईक परीक्षेला विषमतेची भरपाई हवी. गुणपत्रिकेवरील आकडा विद्यार्थ्याचे ज्ञान सांगतो, तसाच त्याला मिळालेल्या संधीचाही हिशेब सांगतो. उद्या प्रशासनात जाऊन अशा परीक्षांचे नियम ठरवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येईल, त्यांनी हे दोन्ही हिशेब वाचायला शिकले पाहिजे.